जर्मनीत शिकायला जाताय? हेल्थ इन्शुरन्सची कामं नेमक्या कोणत्या क्रमानं करायची

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की मला तेच मेसेज येतात. "ताई, दोन वर्षांची पॉलिसी पुण्यातूनच घेतली, पण युनिव्हर्सिटी म्हणते इन्शुरन्स मिळालाच नाही." "दादाच्या मित्रानं स्वस्तातली प्रायव्हेट घेतली होती, मी पण घेऊ का?" पोरं हुशार असतात, एपीएस (मार्कशीट-डिग्रीची पडताळणी), व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहायच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) सगळं नीट करतात आणि इथे येऊन अडकतात, कारण इन्शुरन्स म्हणजे एक पीडीएफ विकत घ्यायची आणि फाइलला लावायची असं आपल्याकडे डोक्यात बसलंय. जर्मनीत तसं नाहीये. इथे इन्शुरन्स कंपनी थेट युनिव्हर्सिटीला ऑनलाइन कळवते, तुमच्या हातातल्या कागदावर एनरोलमेंट होत नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्याच क्रमानं करा, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: आधी तुम्ही कोणत्या गटात बसता ते बघा

हे न बघताच लोक मित्राची कॉपी मारतात, आणि मित्र २२ वर्षांचा बॅचलर्सवाला आणि तुम्ही ३१ वर्षांचे, नोकरी सोडून मास्टर्सला आलेले, तर तुमचे नियमच वेगळे असतात.

१. वय ३० च्या आत आणि मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीत डिग्रीला ॲडमिशन: तुम्हाला सरकारी नियमाखालचा स्टुडंट इन्शुरन्स घ्यायचाय. तो देणाऱ्या संस्थेला क्रांकनकासे म्हणतात, पोरं नुसतं "कासे" म्हणतात. टीके, एओके, बार्मर, डीएके ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. हा दर ज्या सेमिस्टरमध्ये तुम्ही ३० पूर्ण करता त्या सेमिस्टरच्या शेवटापर्यंत चालतो.

२. वय ३० च्या पुढे: स्टुडंट दर मिळत नाही. सरकारी कासेत स्वेच्छेनं जायचं तर आधी काही काळ अशा इन्शुरन्समध्ये असावं लागतं, आणि भारतातून पहिल्यांदाच आलेल्या माणसाकडे ते नसतं. त्यामुळे बहुतेकांना प्रायव्हेटच घ्यावं लागतं. घ्या, पण खाली पायरी ४ मधे कशाकडे बघायचं ते लिहिलंय ते वाचून घ्या.

३. श्टुडियनकोलेग (डिग्रीआधीचा तयारीचा कोर्स) किंवा नुसता लँग्वेज कोर्स: तुम्ही अजून "स्टुडंट" धरले जात नाही, त्या काळापुरतं प्रायव्हेट. डिग्री सुरू झाली की मग गट क्रमांक १.

४. पीएचडी: युनिव्हर्सिटीशी नोकरीचा करार असेल तर तुम्ही नोकरदार म्हणून इन्शुअर्ड होता. करार नसेल, स्कॉलरशिपवर असाल, तर स्टुडंट दर लागू नाही, आधी कासेला लेखी विचारा.

पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या गटासाठी लिहितेय कारण आपली ९०% पोरं त्यातच असतात असं मला माझ्या इनबॉक्सवरून तरी दिसतं.

पायरी २: घरून निघायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी नाव. हे खास आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सांगतेय. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडलांचं नाव दोन्ही "गिव्हन नेम" मधे असतात, मार्कशीटवर आडनाव पहिलं असतं, आणि युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरताना कुणी वडलांचं नाव टाकतं, कुणी गाळतं. मग युनिव्हर्सिटीकडे तुम्ही एक माणूस आणि कासेकडे दुसरा माणूस. ऑनलाइन निरोप आला तरी सिस्टीमला जुळत नाही आणि तुम्ही आठवडाभर मेल करत बसता. पासपोर्टवर जसं आहे अगदी तस्संच, त्याच क्रमानं, सगळीकडे टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे दोनदा तपासा.

हाताशी ठेवायचं: पासपोर्टचा स्कॅन, ॲडमिशन लेटर, सेमिस्टर सुरू व्हायची तारीख, एक स्वच्छ पासपोर्ट साइझ फोटो डिजिटल, आणि युनिव्हर्सिटीचा आबझेंडर नंबर, म्हणजे ऑनलाइन निरोपांसाठीचा तिचा ओळख क्रमांक. हा नंबर एच अक्षरानं सुरू होतो आणि युनिव्हर्सिटीच्या एनरोलमेंटच्या पानावर दिलेला असतो, याचं काम पायरी ५ मधे आहे.

आता तब्येतीची कामं. दात दाखवून घ्या, फिलिंग, अक्कलदाढ जे काय असेल ते भारतातच उरकून या. चष्मे दोन करून घ्या, कारण मोठ्या माणसांच्या साध्या चष्म्याचे पैसे कासे देत नाही. रोजची गोळी चालू असेल तर तीन महिन्यांपर्यंतची न्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्लिशमधे, औषधाचं कंपनीचं नाव नको, आतल्या घटकाचं नाव हवं, कारण आपला ब्रँड तिथल्या डॉक्टरला माहीत नसतो.

आणि आई-बाबांना एक विनंती. घरच्या फॅमिली मेडिक्लेममधून मुलाचं नाव लगेच काढू नका. "तिकडे आहे की इन्शुरन्स" म्हणून काढतात, मग मुलगा दोन वर्षांनी परत येतो आणि जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. वयाची मर्यादा बहुतेक पॉलिसींमधे २५ च्या आसपास असते, ती ओलांडत असेल तर वेगळी पॉलिसी करून सातत्य टिकवता येतं का ते एजंटला विचारा.

पायरी ३: ट्रॅव्हल इन्शुरन्स फक्त मधल्या गॅपसाठी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कासेचं कव्हर विमानातून उतरल्या दिवशी सुरू होत नाही. ते सेमिस्टर सुरू झाल्यावर सुरू होतं, आणि एनरोलमेंट त्यानंतर झाली असेल तर एनरोलमेंटच्या तारखेपासून. विंटर सेमिस्टर युनिव्हर्सिटीत साधारण १ ऑक्टोबरला आणि बऱ्याच होखशूलमधे (प्रॅक्टिकलवर भर असलेली कॉलेजं) १ सप्टेंबरला सुरू होतं, समरचं १ एप्रिल किंवा १ मार्च.

उदाहरण घ्या. तुम्ही १८ सप्टेंबरला फ्रँकफर्टला उतरलात, सेमिस्टर १ ऑक्टोबरला, तर १८ ते ३० सप्टेंबर तुम्ही उघड्यावर आहात. आणि एनरोलमेंट लांबून १२ ऑक्टोबरला झाली तर ११ पर्यंत उघड्यावर. हा गॅप भरायला ट्रॅव्हल किंवा इनकमिंग (बाहेरून जर्मनीत येणाऱ्यांसाठीचा) इन्शुरन्स. व्हिसाच्या फाइललाही तोच लागतो. किती दिवसांचा हवा हे जर्मन कॉन्सुलेटच्या सध्याच्या चेकलिस्टवर बघा, ती बदलत असते, गेल्या वर्षीच्या मित्राची चेकलिस्ट वापरू नका.

माझा सल्ला, सेमिस्टरच्या तारखेपुढे निदान महिनाभर जास्त घ्या आणि वाढवता येणारा घ्या. पण एक-दोन वर्षांची भारतीय स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी घेऊ नका. एजंट सांगतात "जर्मनीला चालते". व्हिसाला चालेल कदाचित, पण ३० च्या आतल्या मुलाच्या एनरोलमेंटला ती चालत नाही, म्हणजे पैसे भरून वर कासेचे पैसे भरायचेच आहेत.

तपासा: पॉलिसीची पहिली तारीख ही भारतातून निघायची तारीख आहे ना? फ्लाइट बदलली तर पॉलिसीची तारीखही बदलून घ्या, हे खूप जण विसरतात.

पायरी ४: कासे निवडा, आणि एकच निवडा

फॉर्म भारतात बसूनच ऑनलाइन भरता येतो, ॲडमिशन लेटर आलं की भरा. स्टुडंटसाठीचा मूळ दर सगळीकडे सारखाच असतो, फरक असतो तो प्रत्येक कासेच्या जादा टक्क्यात, आणि तो महिन्याला काही युरोंचा असतो. सगळं धरून महिन्याला साधारण १४० ते १५५ युरो पकडा. २३ वर्षं पूर्ण आणि मूल नसेल तर त्यातला केअर इन्शुरन्सचा (म्हातारपणी किंवा दीर्घ आजारात लागणाऱ्या देखभालीचा) भाग थोडा जास्त लागतो, म्हणून २१ वर्षांच्या मित्रापेक्षा तुमचं बिल जास्त आलं तर घाबरू नका, चूक नाहीये ती. बजेट करताना हे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला जे ९९२ युरो मिळतात त्यातूनच जाणार हे धरून चाला.

मग चार-पाच युरोंसाठी डोकं फोडण्यापेक्षा हे बघा: इंग्लिशमधे फोन उचलतात का, ॲप चांगलं आहे का, तुमच्या गावात ऑफिस किंवा कॅम्पसवर माणूस आहे का. पहिल्या वर्षी याचीच किंमत कळते.

डबल अर्ज करू नका. ब्लॉक्ड अकाउंट पॅकेजमधे घेतलं की त्यात बऱ्याचदा ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि कासेचा अर्ज आपोआप असतो. पोरं ते न वाचता वेगळ्या कासेत पण फॉर्म टाकतात, मग दोन्हीकडून युनिव्हर्सिटीला निरोप जातो, दोन्हीकडून पत्रं येतात, आणि हा गुंता सोडवायचा पहिल्या परीक्षेच्या तोंडावर. शिवाय एकदा सदस्य झालात की साधारण १२ महिने तीच कासे ठेवावी लागते.

⚠️ आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा इशारा, तो सावकाश वाचा. ३० च्या आतल्या विद्यार्थ्यालाही सरकारी इन्शुरन्समधून सूट मागून प्रायव्हेट घेता येतं. जाहिरात असते महिना ३०-४० युरोची, आणि सरकारीच्या १४५ युरोंपुढे ती कुणालाही बरी वाटते. पण ही सूट पहिल्या तीन महिन्यांत मागायची असते आणि एकदा मिळाली की शिक्षण चालू असेपर्यंत मागे घेता येत नाही. नंतर "मला परत सरकारीत यायचंय" म्हटलं तर दार बंद. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं असंच केलं, दुसऱ्या सेमिस्टरला थायरॉइड निघाला, कंपनी म्हणाली हा आधीपासूनचा आजार आहे, तपासण्यांचे पैसे तिनं वीकेंडला कॅफेत काम करून भरले. वर्षाला वाचवलेले पैसे दोन महिन्यांत गेले. त्यामुळे "एक्झेम्प्शन" किंवा "बेफ्रायुंग" असा शब्द असलेल्या कुठल्याही फॉर्मवर घाईत सही करू नका. माझ्या मते ३० च्या आतल्या मुलानं ही सूट घेऊच नये.

ज्यांना प्रायव्हेट घ्यावंच लागतं, म्हणजे ३० च्या पुढचे, त्यांनी चार गोष्टी लेखी विचारा: आधीच्या आजारांचं काय, बाळंतपण, मानसिक आजारावरचे उपचार, आणि ही पॉलिसी व्हिसा वाढवताना आउसलेंडरबेहोर्डे म्हणजे परदेशी नागरिकांचं ऑफिस मान्य करतं का. वर्ष-दोन वर्षांनी आपोआप संपणाऱ्या स्वस्त पॉलिसींची अडचण बहुतेक वेळा तिथेच निघते.

पायरी ५: एम१० युनिव्हर्सिटीला पाठवायला सांगा

२०२२ पासून कागदी सर्टिफिकेट बंद झालं. आता कासे युनिव्हर्सिटीला इलेक्ट्रॉनिक निरोप पाठवते, त्याला एम१० म्हणतात. पण तो नेहमी आपोआप जात नाही, बऱ्याचदा तुम्हाला कासेला सांगावं लागतं, आणि सांगताना आबझेंडर नंबर द्यावा लागतो.

१. कासेचा फॉर्म मंजूर झाल्याचा मेल येऊ द्या.
२. ॲपमधून किंवा मेलनं कळवा: एम१० पाठवा, युनिव्हर्सिटीचं नाव, आबझेंडर नंबर, सेमिस्टर.
३. तीन-चार दिवसांनी युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर हिरवी खूण आली का बघा. नसेल तर आधी नावाचं आणि जन्मतारखेचं स्पेलिंग तपासा, मग दोघांना मेल करा.

प्रायव्हेट घेणाऱ्यांनाही ही पायरी चुकत नाही बरं का! त्यांनी सरकारी कासेकडे जाऊन "या विद्यार्थ्याला आमचा इन्शुरन्स लागू नाही" असा निरोप युनिव्हर्सिटीला पाठवून घ्यायचा असतो. प्रायव्हेट कंपनी तो पाठवू शकत नाही. ३० च्या पुढचे बरेच जण इथेच अडतात.

एनरोलमेंट झाली की युनिव्हर्सिटी उलट कासेला कळवते, आणि तेव्हाच तुमचं सदस्यत्व खऱ्या अर्थानं सुरू होतं.

पायरी ६: पोचल्यावरचे पहिले १५ दिवस

इथे क्रम फार महत्त्वाचा, कारण प्रत्येक काम आधीच्यावर टांगलेलं असतं.

१. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी.

२. टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. हसू नका, खरंच सांगतेय, हे सगळ्यात जास्त चुकतं. जर्मनीत पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसलं की पत्र परत. माझं स्वतःचं हेल्थ कार्ड असंच दोनदा परत गेलं, सबलेटच्या घरात होते आणि पेटीवर मूळ भाडेकरूचंच नाव होतं. कागदावर आडनाव लिहून सेलोटेप लावली तरी चालतं, पण पहिल्या दिवशी लावा.

३. बँकेत चालू खातं. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे महिन्याला याच खात्यात येतात.

४. आयबॅन नंबर, म्हणजे बँक खात्याचा नंबर, कासेला कळवा आणि सेपा मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी द्या.

५. नवीन पत्ता आणि फोटो ॲपवर अपलोड. फोटोशिवाय कार्ड छापत नाहीत.

सावधान: पैसे कापायला एक-दोन महिने उशीर झाला की पहिल्यांदा दोन-तीन महिन्यांचे एकदम कापले जातात. खात्यात ४५० युरोची तरी जागा ठेवा. हप्ता परत गेला की दंड चढतो, पुढे उपचार तातडीपुरतेच राहतात, आणि कासे युनिव्हर्सिटीला थकबाकी कळवते, मग पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते. पैशाची अडचण असेल तर पत्रं न उघडता बाजूला ठेवू नका, फोन करून हप्ते बांधून मागा. खरंच देतात.

कार्ड यायच्या आधी आजारी पडलात तर ॲपमधून तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर डॉक्टर बघतात.

पायरी ७: आजारी पडल्यावर कुठे जायचं

आपल्याकडे ताप आला की कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन बसायचं, इथे तसं नाही. घराजवळचा एक हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, धडधाकट असतानाच शोधून ठेवा आणि विचारून घ्या की नवीन पेशंट घेतात का. बोर्डावर "प्रिव्हाट" म्हणजे फक्त प्रायव्हेटवाल्यांसाठी असेल तर आत जाऊ नका, बिल तुमच्या नावावर येईल.

जीवावर बेतलं असेल तर ११२. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवाय पण जीवाला धोका नाही, तर ११६११७. हे दोन्ही आत्ताच फोनमधे सेव्ह करा.

डॉक्टरच्या फीचे पैसे द्यावे लागत नाहीत. चिठ्ठीवरच्या औषधाला साधारण ५ ते १० युरो स्वतःचे, हॉस्पिटलला दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. चिठ्ठी आता बहुतेक वेळा कार्डावरच चढते, मेडिकलमधे कार्ड दाखवायचं. साधी क्रोसिनसारखी गोळी स्वतःच्या पैशानं.

पायरी ८: काम करताना २० तासांची रेघ

सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम, तर स्टुडंट दर टिकतो. नियमित त्याच्यावर गेलात तर तुम्ही नोकरदार ठरता आणि सगळा हिशोब बदलतो. व्हिसाची वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस ही मर्यादा वेगळी आणि ही २० तासांची वेगळी, दोन्ही पाळायच्या. दोन ठिकाणी काम असेल तर तास मिळवून धरतात. नवीन काम लागलं की कासेला कळवा.

पायरी ९: सुट्टीत घरी किंवा फिरायला

गणपतीला किंवा दिवाळीला घरी आलात तर कासेचं कव्हर भारतात चालत नाही. प्रवासापुरती वेगळी पॉलिसी घ्या, आणि घेण्याआधी वाचा की तुमच्या मूळ देशात ती चालते का, कारण काही पॉलिसींमधे "स्वतःचा देश वगळून" अशी ओळ असते. घरचा मेडिक्लेम चालू ठेवला असेल तर इथे उपयोगी पडतो.

कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन कार्ड असतं, ते पॅरिस-प्रागला चालेल. पण भारतीय पासपोर्टवर असाल तर स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिखटेनश्टाइन इथे ते चालत नाही. स्वित्झर्लंडला तर सगळेच जातात. तिथे पाय मोडला तर काय बिल होतं याची कल्पना करा आणि जायच्या आधी पॉलिसी काढा.

पायरी १०: डिग्री संपताना

शेवटचं सेमिस्टर संपलं की स्टुडंट दर संपतो, पण इन्शुरन्स बंद होत नाही, तो स्वेच्छेचा सदस्य म्हणून पुढे चालू राहतो. नोकरी शोधायच्या व्हिसावर असाल तरी महिन्याला साधारण २५० युरोच्या पुढे जातो. थीसिस देण्याआधीच हे पैसे बाजूला काढा.

या वेळी कासेकडून उत्पन्नाचा एक फॉर्म येतो. तो भरला नाही तर तुम्ही भरपूर कमावता असं धरून ते सगळ्यात वरच्या दरानं बिल लावतात, महिन्याला हजार युरोच्याही वर. उत्पन्न नसेल तर "शून्य" लिहा, सोबत बँक स्टेटमेंट जोडा, सही करून पाठवा आणि पोच जपून ठेवा. आधीच मोठं बिल आलं असेल तरी तो फॉर्म आजच्या आज भरून पाठवा, ते बिल कमी करून देतात. नोकरी लागली की ऑफिसला फक्त कासेचं नाव आणि तुमचा सोशल इन्शुरन्स नंबर द्यायचा, पुढचं ऑफिस बघतं.